तिला झोप का येत नाही, हे मी फक्त तिलाच विचारत होते

मागच्या आठवड्यात एका ट्रेनिंगमध्ये एका नव्या मुलीने मला विचारलं, ताई, आपण काउन्सेलर आहोत ना, मग तहसीलला आपण का जायचं, ते काम तर कार्यकर्त्यांचं. प्रश्न अगदी मनापासून होता आणि मी तिला धड उत्तर दिलं नाही, जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले, ती पण उठली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून आज लिहायला बसलेय. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात काम करते, एका छोट्या संस्थेत, नऊ वर्षं होतील आता. घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे राहिलेल्या बायकांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं, हे माझं काम. १९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं, महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तीच तारीख धरतात, आणि आता कितीतरी लोक दरवर्षी १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात. मीही करते. पण त्या तारखेपासून पुढे आपण सगळे गेलेली माणसं मोजत आलो, मागे राहिलेल्या बाईचं पुढे काय झालं हे विचारायला फार उशिरा सुरुवात झाली.

एका ताईबद्दल सांगते. तिला विचारून लिहितेय, गाव-बिव सगळं बदललंय, खोटं नावसुद्धा देत नाही कारण आमच्याकडे दोन गावं सोडून कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. वय तिशीच्या आतलं, दोन लेकरं, मोठी मुलगी आठ वर्षांची. नवरा जाऊन चार महिने झाले होते तेव्हा आशाताई तिला घेऊन आली. आरोग्य केंद्रातली ती खोली तुम्हाला माहीतच असेल, एका बाजूला लसीकरणाचे डबे, भिंतीवर कुटुंब नियोजनाचं पोस्टर, बाहेर रांग, आणि दार नीट लागत नाही. तिथे मी तिला तो नऊ प्रश्नांचा फॉर्म विचारला, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं वगैरे. झोप? नाही. रोज? रोज. मग मी शिकले होते ते सगळं केलं, श्वासाचा व्यायाम, संध्याकाळी चहा बंद, रात्रीचे विचार कसे येतात, त्या दिवसाची आठवण येते का, स्वतःला दोष देता का. ती मान हलवायची. तीन भेटी झाल्या, झोप काही येईना, मी मनात नोंद केली की हिच्या डोक्यातून ती रात्र जात नाहीये.

चौथ्या वेळी ती आलीच नाही म्हणून मी घरी गेले. आणि घर बघितल्यावर पोटात गोळा आला. नवरा गेल्यावर महिन्याभरात दिराने मधली खोली घेतली होती आणि हिचं आणि लेकरांचं अंथरूण बाहेरच्या सपरीत आलं होतं. सपरीला एक पत्र्याचं दार आणि दाराला आतून कडी नाही, नुसती सुतळी. दीर रात्री दारू पिऊन यायचा. कधी अकराला, कधी दोनला. ती मुलीला भिंतीच्या बाजूला घालायची आणि स्वतः दाराच्या बाजूला पडून राहायची, डोळे उघडे ठेवून, तो आत जाऊन त्याच्या खोलीचं दार लागेपर्यंत. मी म्हटलं, ताई तुम्ही हे मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुमी विचारलंच नाही ना वो. तुमी विचार काय येतात ते विचारत होत्या."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरले नाही. मी तिला झोप का येत नाही हे विचारत होते, पण फक्त तिच्या डोक्याला विचारत होते, घराला नाही. ज्याला मी आजाराचं लक्षण समजत होते तो तिचा रात्रीचा पहारा होता. तिची झोप ठीक व्हायला काय लागलं सांगते: एक लोखंडी कडी, बचत गटातल्या एका बाईच्या मुलाने येऊन ड्रिलने बसवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी गटातल्या चार बायका दिराशी बोलल्या, भांडायला नाही हां, नुसत्या येऊन बसल्या आणि म्हणाल्या आमचं लक्ष आहे. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती पहिल्यांदा चार तास सलग झोपली. श्वासाचा व्यायाम त्यानंतर कामाला आला, आधी नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, नवरा गेला म्हणून सासरच्यांना तिला घराबाहेर काढता येत नाही, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, हे मला तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या समोर बसलेल्या बाईला ते सांगायचं असतं हे मात्र डोक्यात नव्हतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच लिहून ठेवलंय की ट्रॉमातून, म्हणजे मनावर झालेल्या खोल आघातातून, बाहेर यायची पहिली पायरी म्हणजे सुरक्षितता, आठवणींचं काम त्याच्यानंतर. आम्हाला शिकवलं पण होतं. पण सुरक्षितता म्हणजे आम्ही समजायचो की काउन्सेलिंगची खोली सुरक्षित वाटली पाहिजे, आवाज मऊ पाहिजे, पाण्याचा ग्लास पाहिजे. ती बाई आठवड्यातला पाऊण तास माझ्या खोलीत असते, बाकीचा सगळा आठवडा ती त्या सपरीत असते.

तसंही आपल्या भाषेत या कामाला शब्द मिळालाय तो समुपदेशन, त्यात उपदेश बसलेलाच आहे. गावात पहिल्यांदा गेलं की बायकांना वाटतं ही आता चार गोष्टी सांगणार, धीर धरा, लेकरांकडे पाहा, देवाचं नाव घ्या. सगळा गाव तेच सांगून गेलेला असतो आधी.

आता ट्रॉमा म्हणजे काय याबद्दल मला इतक्या वर्षांत जे दिसलंय ते लिहिते. नवरा गेला ती एक रात्र किंवा एक दुपार असते. ती भयंकरच असते, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्यानंतर जे महिनोन् महिने चालतं ते सगळं माणसं करतात, ऑफिसं करतात, नियम करतात. पंचनाम्याला आलेला माणूस अंगणात सगळ्यांसमोर विचारतो, भांडण झालं होतं का, तू काय बोलली होतीस. सासू छाती पिटत म्हणते पांढऱ्या पायाची आली आणि माझ्या लेकाला खाल्लं. तेराव्याच्या आत कुणीतरी येऊन मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या सगळं काढून नेतं. पुढारी येतो, खुर्ची टाकतात, तिला डोक्यावर पदर घेऊन बाजूला बसवतात आणि फोटो निघतो. कृषी केंद्रवाला उधारीचं विचारायला येतो. शाळेत पोराला दुसरी पोरं चिडवतात. यातली एकेक गोष्ट तशी छोटी वाटेल ऐकताना पण रोज एक याप्रमाणे ती त्याच जखमेवर पडते, मग खपली धरणार कशी. अल साल्वाडोरमध्ये इग्नासिओ मार्टिन-बारो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, जेसुइट पाद्री, तिथल्या यादवीच्या काळात काम करायचे, १९८९ मध्ये सैनिकांनी त्यांना मारलं. त्यांचं म्हणणं असं होतं की ट्रॉमा एकट्या माणसाच्या आत नसतो, तो माणूस आणि समाज यांच्यातल्या नात्यात असतो, आणि ज्या व्यवस्थेने तो तयार केला ती तशीच ठेवून माणूस बरा होत नाही. कुठे ते साल्वाडोर आणि कुठे आमचं यवतमाळ, पण मला ते वाचताना ती सुतळीची कडी दिसली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त त्रास देणारा शब्द म्हणजे 'अपात्र'.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: शेतकरी आत्महत्येत सरकारी मदत मिळते १ लाख रुपये, २००६ च्या जीआरप्रमाणे, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार पोस्टात किंवा बँकेत ठेव म्हणून. पण त्याआधी चौकशी होते, तलाठी, पोलीस, तहसीलदार असे रिपोर्ट जातात आणि कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती ठरवते की प्रकरण पात्र की अपात्र. शेतजमिनीचे कागद लागतात, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी बँकेचं किंवा सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं, ते थकलेलं लागतं, आणि वसुलीचा तगादा होता हे दिसावं लागतं. आता या ताईच्या घरी काय होतं बघा. सोसायटीचं कर्ज सासऱ्याच्या नावावर. कृषी केंद्राची उधारी, बियाणं-खत-औषध, वहीत लिहिलेली. मायक्रोफायनान्सचं कर्ज हिच्या स्वतःच्या नावावर कारण ते लोक बायकांनाच देतात. आणि नातेवाईकांकडून घेतलेले हातउसने, त्याचा कागद कुठला असणार. म्हणजे माणूस बुडाला होता कर्जात, गळ्यापर्यंत, पण कागदावर त्याच्या नावाने पुरेसं कर्जच नव्हतं. प्रकरण अपात्र.

तो कागद तिला माझ्यासमोर मिळाला. तिला वाचता येतं, सातवी शिकलीये, तिने बोट ठेवून वाचला आणि मला म्हणाली, "म्हंजे माहा नवरा खोटाच मेला का वो ताई?"

या प्रश्नाला कुठल्या थेरपीत उत्तर आहे? मी तेव्हा गप्प बसले. पण मला पक्कं वाटतं की हा एक शब्द, तो शिक्का, हे तिच्या दुखण्याचं एक कारण आहे, जसं साप चावणं हे कारण असतं तसं. ती त्यानंतर महिनाभर पुन्हा जेवायची बंद झाली. आणि गावात बोललं गेलं की सरकारनेच म्हटलंय कर्जामुळे नाही मेला, मग कशामुळे मेला, घरात काहीतरी असणार. म्हणजे अपात्र नवरा झाला आणि संशय बायकोवर आला.

म्हणून मी तहसीलला जाते. त्या मुलीला हे सांगायचं होतं मला. फेरचौकशीचा अर्ज द्यावा लागतो, उधारीच्या वहीची झेरॉक्स जोडावी लागते, मायक्रोफायनान्सचं कार्ड जोडावं लागतं, गटाच्या अध्यक्षांचा जबाब लागतो. हे करून निकाल बदलतोच असं नाही, पुष्कळदा नाही बदलत. पण अर्जात एक परिच्छेद असतो जिथे लिहिलेलं असतं की मयत इतक्या रुपयांच्या कर्जात होता, आणि त्याखाली तिची सही असते. तिच्यासाठी तो कागद म्हणजे नवरा खरा मेला याचा पुरावा आहे. तिने त्याची एक कॉपी पत्र्याच्या पेटीत ठेवलीये.

आता माझी चूक सांगते, कारण हे सगळं वाचून कुणाला वाटेल की उठायचं आणि लढायला लागायचं. मी तेच केलं होतं.

सातबाऱ्याचं प्रकरण. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती आणि वडिलोपार्जित, म्हणजे त्यात नवऱ्याचा हिस्सा होता आणि तो हिंदू वारसा कायद्याने बायको-लेकरांना येतो, विधवा ही १९५६ पासून पहिल्या वर्गातली वारस आहे. महिला किसान अधिकार मंचाने, मकाम म्हणतात त्याला, २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ बायकांशी बोलून अहवाल काढला होता, त्यात ४० टक्के बायकांना शेतजमिनीचा हक्क मिळालाच नव्हता आणि राहत्या घराचा हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के. तो अहवाल वाचून मी पेटले होते. मी तिच्याशी अर्धवट बोलले, ती हो म्हणाली, आमच्याकडच्या बायका बाहेरून आलेल्या शिकलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत हे मला कळायला हवं होतं, आणि मी थेट अर्ज टाकला. तलाठ्याने सासऱ्यांना बोलावलं. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी तिचं ताट वेगळं केलं. दीर म्हणाला वाटणी पाहिजे तर आजपासून चूल पण वेगळी. पंधरा दिवस ती आणि लेकरं शेजारणीकडच्या पिठावर होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सासू, जी हळूहळू हिच्याशी बोलायला लागली होती, दुपारी दोघी मिळून तूर निवडायच्या, ती सासू पण तुटली. त्या घरात तिला असलेला एकमेव आधार मी माझ्या हाताने काढून घेतला, तिच्या भल्यासाठी.

मला तिने एका शब्दाने बोललं नाही. ते जास्त लागलं.

नंतर आमच्या सुपरव्हायझरने मला अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनने २००३ मध्ये स्वीकारलेल्या अ‍ॅडव्होकसीच्या चौकटीबद्दल सांगितलं, म्हणजे क्लायंटच्या हक्कासाठी पाठपुरावा करायच्या कामाची चौकट. त्यात क्लायंटसोबत करायचं काम आणि क्लायंटच्या वतीने करायचं काम असा फरक केलाय, आणि तो एका व्यक्तीपासून ते संस्था, गाव, मग धोरण, कायदा, अशा सगळ्या पातळ्यांवर लावायचा. बाहेरच्या देशातली चौकट आहे, आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही, पण तो 'सोबत' आणि 'वतीने' मधला फरक माझ्या डोक्यात पक्का बसला. मी तिच्या वतीने धावले होते, तिला मागे ठेवून. आत्महत्या केलेल्या माणसाच्या बायकोच्या हातातून आधीच सगळे निर्णय गेलेले असतात, कुणी कुंकू पुसलं, कुणी खोली घेतली, कुणी प्रकरण अपात्र केलं, आणि त्यात मी पण तिला न विचारता एक निर्णय घेऊन टाकला. ट्रॉमाचं मूळच जर माणसाच्या हातातून सुटलेलं नियंत्रण असेल तर मी तोच डोस तिला परत दिला.

आता कसं करते तर आधी तिलाच विचारते, कशापासून सुरुवात करायची, आणि काय झालं तर काय होईल हे दोघी मिळून बोलतो. सासरे चिडले तर किती दिवस निघतील, कुणाकडे राहायचं, माहेरचं कोण येईल, लेकरांची शाळा. कित्येकदा ती म्हणते आता नाही, पोळ्यानंतर पाहू. मग पोळ्यानंतर. हा उशीर बाहेरून पाहणाऱ्याला भित्रेपणा वाटेल, पण घरातली हवा तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

आणि सगळी अ‍ॅडव्होकसी ऑफिसात नसते हेही शिकले. फवारणीचं सांगते. आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारणी चालू असते, सगळ्या शिवारात त्या औषधाचा वास असतो. नवऱ्याने काय केलं ते मी इथे लिहिणार नाही पण तो वास आला की तिला उलटी व्हायची, हातपाय गार पडायचे, एकदा धुऱ्यावरच बसून राहिली तासभर. निंदणाला जाणं बंद केलं तर मजुरी बुडते, आणि शेतमालक म्हणायला लागले हिला काम नको, नुसती बसून पैसे पाहिजेत. मी तिच्यासोबत त्या वासावर काम केलं, हळूहळू, पायाखालची माती बघायची, पाच गोष्टी मोजायच्या, चालू आहे ते. पण खरा फरक पडला तो तिच्या टोळीतल्या मुकादमबाईने. तिच्या परवानगीने मी त्या बाईशी बोलले, फार नाही, एवढंच की हिला फवारणीच्या वासाने त्रास होतो, नाटक नाहीये. त्या बाई म्हणाल्या, "एवढंच ना, मंग पहिले नाही का सांगाव!" आणि त्या दिवसापासून हिला सोयाबीनच्या किंवा तुरीच्या वावरात लावायला लागल्या जिथे त्या दिवशी फवारणी नाही. पूर्ण हंगाम तिची मजुरी बुडाली नाही. मी याला अ‍ॅडव्होकसीच म्हणते. सगळ्यात चांगली.

हळदीकुंकवाचं मात्र अजून जमलं नाही. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी तो पेपर कापून कितीतरी ग्रामसेवकांना दाखवला. आमच्या दोन गावांनी ठराव घेतलेसुद्धा. पण संक्रांतीला वाण द्यायची वेळ आली की बायकाच कचरतात, आणि त्यांना दोष देऊन काय होणार, त्यांच्याही मनात भीती आहे आपल्या नवऱ्याचं काही झालं तर. या वर्षी फक्त एक झालं, शेजारणीने हिला बोलावलं, कुंकू नाही लावलं, पण वाण दिलं आणि तिळगूळ दिला आणि आतल्या खोलीत बसवलं, बाहेर ओट्यावर नाही. ती मला तीन वेळा सांगत होती, आत बसवलं म्हणून.

सरकारी बाजूने काहीच नाही असं म्हणणार नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पामुळे आशाताई घरोघरी ताणाचं सर्वेक्षण करतात, आरोग्याच्या मदतीचा १०४ नंबर आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, कुणीही कधीही फोन करू शकतं, मराठीत बोलतात, तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी अवघड अवस्थेत असेल तर जरूर लावा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातलेच लोक ट्रेन करून घरापर्यंत जायचे, त्यात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे लोकांना मदत नको असते हे खरं नाही, ती त्यांच्या ओसरीपर्यंत यावी लागते. माझं म्हणणं एवढंच की ओसरीपर्यंत गेल्यावर ओसरीला कडी आहे का तेही बघा.

आणि आपल्या संस्थांशी पण भांडावं लागतं, हे नव्या लोकांना कुणी सांगत नाही. आमच्या मंथली रिपोर्टमध्ये फक्त सेशन मोजायचे. मी एक अख्खा दिवस मंडळ अधिकाऱ्याच्या ऑफिसबाहेर बाकावर तिच्यासोबत बसून काढला की त्या दिवशी माझ्या नावापुढे शून्य. आणि खरं सांगते, त्या बाकावर ती जेवढं बोलली तेवढं आरोग्य केंद्राच्या खोलीत कधी बोलली नव्हती. लग्नातलं, नवरा बैलपोळ्याला बैलांची शिंगं स्वतः रंगवायचा ते, पहिल्यांदा हसली पण तिथेच. दीड वर्ष मागे लागून आम्ही फॉर्ममध्ये एक कॉलम वाढवून घेतला, 'पाठपुरावा – क्लायंटसोबत'. एक कॉलम. पण आता नव्या मुलीला तहसीलला जायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. आणि वर्षातून एकदा तलाठी आणि पोलीस पाटलांसोबत दोन तास बसतो, चौकशी कशी करायची यावर, अंगणात नाही आत बसून विचारा, सासरच्यांसमोर नको, 'भांडण झालं होतं का' हा पहिला प्रश्न नको, तिला आधी पाणी द्या. त्यातले काही जण पुढच्या वेळी खरंच तसं करतात. एका तलाठ्याने मला नंतर सांगितलं की मॅडम मला पण त्या घरातून आल्यावर जेवण जात नाही, आम्हाला कुणी विचारत नाही. त्यालाही चहा घेऊन बसवलं अर्धा तास.

त्या ताईचं आता काय? सासू पुन्हा बोलते, तिनेच एक दिवस सासऱ्यांना म्हटलं की नातवाच्या नावाचं काहीतरी करा, आणि या वेळी अर्ज तिने स्वतः दिलाय, स्वतःच्या अक्षरात, मी फक्त शेजारी बसले होते. दिराने हरकत घेतलीये म्हणून मंडळ अधिकाऱ्यांपुढे तारीख लागलीये. बालसंगोपन योजनेचं प्रकरण वेगळं चालू आहे. तो नऊ प्रश्नांचा फॉर्म मी मागच्या महिन्यात परत विचारला, झोपेच्या प्रश्नाला ती म्हणाली, कधी कधी नाही येत, ज्या दिवशी तारीख असते त्याच्या आदल्या रात्री.

पुढची तारीख मंगळवारची आहे. काल तिचा फोन आला होता, जमिनीच्या ८-अ उताऱ्याच्या दोन झेरॉक्स घेऊन या म्हणाली, मागच्या वेळी एकच होती तर साहेबांनी ठेवून घेतली, आणि तुमी बाहेरच्या बाकावर बसा, आत मी बोलतो.